समोरच्या काकूंना, मनापासून

काकू, साष्टांग नमस्कार.

तुम्ही समोरच्याच दारात राहता, तरी हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवता.

लेकाने कानात कापसाची बड घातली होती आणि खेळता खेळता धाकटीचा हात तिच्यावर बसला. तो किंचाळला, रक्ताचा ओघळ मानेवर आला. सासूबाईंनी लगेच लसूण घालून तेल गरम केलं. कान दुखला की आमच्याकडे पहिलं तेच. तुम्ही आलात आणि ती वाटी ओट्यावर ठेवायला लावलीत. पडद्याला भोक पडलं असेल तर तेल थेट मधल्या कानात जाईल, म्हणालात. तेल, पाणी, घरातले थेंब, काहीच नाही. कापसाचा बोळाही कोंबू दिला नाहीत. त्याला दुखऱ्या कानाच्या कुशीवर निजवून रक्त बाहेर येऊ दिलंत, खाली फक्त स्वच्छ रुमालाची घडी.

आणि सासूबाईंना एका शब्दाने दुखावलं नाहीत. "आई, ते तेल त्याच्या तळपायांना चोळा," म्हणालात. त्या पाय चोळत बसल्या, तोही शांत झाला. काकू, हे मी कधीच विसरणार नाही.

मग तुमचे प्रश्न: डोकं आपटलंय का? उलटी, चक्कर? चेहरा एका बाजूला वाकडा? कानातून पाण्यासारखं काही येतंय? यातलं काही असतं तर थेट १०८. तसं नव्हतं, म्हणून आम्ही रिक्षाने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. पडद्याला लहानसं भोक होतं. कान कोरडा ठेवला तर असं भोक बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरतं, असं ते म्हणाले. नाक मात्र जोरात शिंकरायचं नाही. आत कुणी काही घातलं नाही याचं त्यांना फार बरं वाटलं.

संध्याकाळी जिन्यात तुम्ही बाकीच्यांनाही सांगत होतात. कानात हरभरा गेला तर पाणी घालू नका, तो फुगतो. घड्याळातला चपटा बटन सेल गेला तर काही न घालता तडक दवाखाना, काही तासांतच आतली कातडी जळते. डूल ओढला जाऊन कानाची पाळी फाटली तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. जिवंत किडा गेला तर कोमट तेल चालतं, पण पडदा धड असेल तरच.

बालवाडीच्या बाईंशी मी बोललेय. पुढच्या पालकसभेत अर्धा तास तुमच्यासाठी ठेवलाय. नाही म्हणू नका.

तुमची,
समोरच्या घरातली सून