मार्गारेट गार्नरवर कोणता खटला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील गुलामगिरीवरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर लेख आला. विषय घेतलात याचा आनंद झाला, पण त्यातले एक विधान चार दिवस मनातून जात नाही. या कादंबऱ्यांत गुलामही भयंकर वागतात आणि मालकांनाही माया असते, त्यामुळे दोष कुणाचा हे पुसट होते, असे लेखक म्हणतात. मी या कादंबऱ्या बरीच वर्षे वाचते आहे. माझा अनुभव अगदी उलटा आहे.

टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' या कादंबरीमागे (१९८७) मार्गारेट गार्नर या बाईची खरी हकिकत आहे. जानेवारी १८५६ मध्ये ओहायो नदी गोठली, तेव्हा केंटकीतून नवरा, मुले आणि सासू-सासऱ्यांसह ती रात्री बर्फावरून पलीकडे सिनसिनाटीला गेली. पलीकडच्या ओहायो राज्यात गुलामगिरी नव्हती. पण १८५० च्या फरारी गुलामांच्या कायद्याने मालकाला तिथूनही माणसे धरून नेता येत. घराला वेढा पडला, तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा चिरला.

त्यानंतर कोर्टात जे झाले ते मला जास्त अस्वस्थ करते. तिला वाचवू पाहणारे वकीलच म्हणत होते, तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालवा! खुनी ठरायचे तर आधी माणूस ठरावे लागते, आणि इथल्या तुरुंगात राहिली तर निदान मालकाच्या हाती तरी जाणार नाही. मालकाचे म्हणणे एवढेच, की माझी मालमत्ता मला द्या. ती त्याला मिळाली. पुढे तिला दक्षिणेत पाठवले आणि १८५८ मध्ये टायफॉइडने ती गेली. तिने केले ते बरोबर की चूक, यावर आमच्या वाचनगटात आवाज चढले, एक मैत्रीण तर डोळे पुसत उठून गेली. पण त्या सगळ्या भांडणात मालकाच्या बाजूने कुणी एक शब्द बोलले नाही.

लेखकांचा रोख बहुधा एडवर्ड पी. जोन्स यांच्या 'द नोन वर्ल्ड'कडे (२००३) असावा, कारण तिचा नायक हेन्री टाउनसेंड स्वतः कृष्णवर्णीय आणि गुलामांचा मालक आहे. त्याचा बाप ऑगस्टस लाकूडकाम करून आधी स्वतःला, मग बायकोला, मग मुलाला विकत घेतो, आणि कागदोपत्री मुलगा बापाचीच मालमत्ता राहतो. वाचताना दचकायला होते. पण ही गोष्ट घडते त्या व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्याने मुक्त झालेल्या गुलामाला वर्षभरात राज्य सोडावे लागे. बायकोला मुक्त करायचे म्हणजे तिला परमुलखात पाठवायचे. म्हणून कित्येकांनी आपलीच माणसे कागदावर गुलाम ठेवली. हेन्रीची गोष्ट वेगळी, तो शेतावर राबवायला माणसे घेतो. त्याने पहिला गुलाम घेतल्याचे कळताच बाप त्याच्या खांद्यावर काठी हाणतो. यात दोष पुसट कुठे झाला? तो घरात शिरला, बापलेकांच्या मध्ये येऊन बसला.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला होता. त्या ग्रंथाच्या भाषेत आपण वाचतो, म्हणून तरी 'दोन्ही बाजू असतात' इतक्यावर हा विषय सोडू नये असे मला कळकळीने वाटते.

लेखकांना एक विनंती. पुढचा लेख लिहाल तेव्हा व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यापासून सुरुवात करा. आई गुलाम तर मूल गुलाम, असा तो कायदा. मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूलही त्या कायद्याने मालकाच्याच मालमत्तेत जमा केले. मालकाच्या मायेबद्दल त्यानंतर लिहा, मी आवर्जून वाचेन.

आपली,
एक वाचक, सातारा