व्याख्या पाठ, कविता अपरिचित

महोदय,

बारावी आणि पदवीच्या मराठीच्या विद्यार्थ्यांसोबत मी गेली अनेक वर्षे वाचन करते आहे. प्रत्येक परीक्षेच्या तोंडावर एकच गोष्ट मनाला लागते. प्रतिमा, प्रतीक, निवेदक, संघर्ष, स्वगत या संज्ञांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ असतात; मात्र ज्या कवितेच्या किंवा नाटकाच्या आकलनासाठी त्या शिकायच्या, ती कविता त्यांनी एकदाही सलग, मोठ्याने वाचलेली नसते.

गेल्या महिन्यात शेजारची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. बहिणाबाई चौधरींच्या ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ या ओळीखाली तिने गाइडमधून उतरवून घेतले होते : उपमेय संसार, उपमान तवा, साधर्म्यवाचक शब्द ‘जसा’. सगळे बरोबर होते. मग संसारात आणि तव्यात सारखे काय, असे विचारल्यावर ती गप्प झाली. ‘आधी हाताला चटके, तव्हा मिळते भाकर’ ही पुढची ओळ मी तिला दोनदा वाचायला लावली, तेव्हा तीच म्हणाली, “बाई, सारखा तर क्रम आहे न! आधी चटका, मगच भाकर.” गाइडने गाळलेला साधारण धर्म, म्हणजे दोघांतला सारखेपणा, तिला ‘आधी’ आणि ‘तव्हा’ या दोन शब्दांत सापडला, आणि तो ती आता विसरणार नाही.

कथेत सर्वांत मोठा घोटाळा निवेदकाचा, म्हणजे कथा सांगणाऱ्याचा, होतो. कथा ‘मी’ने सुरू झाली की तो ‘मी’ म्हणजे लेखकच, असे गृहीत धरले जाते. मी तपासलेल्या एका उत्तरात तर कथेतल्या ‘मी’चे वडील वारले म्हणून ‘लेखकाचे वडील वारले’ असे लिहिले होते. निवेदक हेही लेखकाने घडवलेले पात्रच असते, त्याला सगळे ठाऊक असतेच असे नाही आणि ठाऊक असलेले सगळे तो सांगेलच असेही नाही, हे एकदा उमगले की विद्यार्थी कथेला प्रश्न विचारू लागतो : हे कोण सांगत आहे, कोणाला सांगत आहे, आणि काय राहून जात आहे?

प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरकही असाच कृतीतून पटतो. नागपूरकर महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात वाड्यासमोर एक नादुरुस्त ट्रॅक्टर पडून आहे. त्याचे एखाद्या संवादात डोळ्यांपुढे चित्र उभे राहिले, तर ती प्रतिमा झाली. परंतु तो जागचा हलत नाही, येणारा-जाणारा त्याला अडखळतो, आणि हळूहळू त्या घराचे सारे अडून बसलेपण त्याच्यात दिसू लागते, तेव्हा तो प्रतीक होतो. विदर्भातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांना हे समजावायला व्याख्या लागत नाही. स्वगत आणि संवाद यांसाठी तर एक प्रवेश वर्गात वाचून दाखवला तरी पुरे.

एकाच कल्पनेला वेगवेगळ्या गाइडांत वेगवेगळे मराठी शब्द असतात, त्यामुळेही मुले गोंधळतात. त्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या ‘मराठी वाङ्मयकोशा’चा ‘समीक्षा-संज्ञा’ हा खंड प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कुलूपबंद कपाटात नव्हे तर टेबलावर, असायला हवा. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनाही विनंती आहे, की ‘व्याख्या लिहा’ऐवजी अनोळखी उतारा देऊन ‘येथे निवेदक कोण, आणि हे कशावरून ओळखले?’ असे विचारावे.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एक लहान उतारा आणि त्यात दिसणारी एकच संज्ञा, एवढी चौकट देता आली, तर ती कापून वहीत चिकटवणारी मुले मला ठाऊक आहेत.

आपली,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका,
नागपूर