देपालपूरच्या शाळेत मूल्यांकन येण्याआधी

इंदूर, ३० ऑगस्ट

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरचे मूल्यांकनकर्ते येणार आणि शाळेत सध्या भिंती रंगवायची चर्चा चालली आहे, असं तू लिहिलंस. रंग राहू दे. येणारा माणूस तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघतो: नियोजनात काय लिहिलंय, वहीत काय आहे आणि मुलाला काय येतं. अडचणीतल्या शाळेत या तिन्हींचा मेळ नसतो. सातवीचं नियोजन पूर्णांकांच्या गुणाकारावर पोचलेलं, वही दोन धडे मागे, आणि मूल हातचा घेऊन वजाबाकी करताना अडकलेलं. सहा आठवड्यांत ते मूल सातवीच्या पातळीला येणार नाही, तसा आवही आणू नकोस. अंतर किती आहे हे तुम्ही मोजलंय आणि त्यावर रोज काम चालू आहे, एवढं मात्र सहा आठवड्यांत होण्यासारखं आहे.

पहिला आठवडा चाचणीचा. लेखी नको, एकेका मुलाला समोर बसवून. वाचनात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी भागाकार. 'असर'च्या, म्हणजे खेड्यातल्या मुलांना वाचन-गणित किती येतं ते घरोघर तपासणाऱ्या सर्वेक्षणातही साधारण हीच उतरंड असते. सहावी ते आठवीच्या मुलांना दुसरीचा मजकूर देणं अपमानाचं वाटेल असं तुझे सहकारी म्हणतील. त्यांना आधी दहा मुलं तपासू दे, मग बोलू दे. एका मुलाला पाच मिनिटं धर. नव्वद मुलं, तीन शिक्षक, म्हणजे प्रत्येकी दीडशे मिनिटं. रोज पन्नास मिनिटं काढलीत तर तीन दिवस. आपल्याच वर्गाची चाचणी कुणी घेऊ नये, वर्ग बदलून घ्या. ओळखीच्या मुलाला आपण नकळत अर्धा शब्द पुरवतो आणि निकाल फुगतो. माळवी, म्हणजे तिथल्या बोलीच्या वळणानं वाचलं तर ती चूक धरायची नाही. वाचून झाल्यावर काय कळलं ते विचारा, मुलानं माळवीत सांगितलं तरी चालेल.

निकाल हाती आला की रोज चाळीस मिनिटं वर्ग मोडून पातळीनुसार गट करा. ही चाळीस मिनिटं कुठून काढायची, तर वेळापत्रकातूनच कळेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन हवं. भागून बघ: दिवसाला साडेचार तासांहून थोडं जास्त. तुमच्याकडे चाळीस मिनिटांच्या सहाच तासिका असतील तर ते चार तास, वर्षाला ८८० भरतात, १२० कमी पडतात. सातवी तासिका धरली की १,०२६ होतात. ती सातवी तासिकाच या गटांना दे, म्हणजे कुठल्याच विषयाचा शिक्षक कुरकुरणार नाही. (पाचवीपर्यंतचा हिशेब वेगळा आहे, २०० दिवस आणि ८०० तास, तिथे सहा तासिका बरोबर बसतात, म्हणून तोच तक्ता उचलून वरच्या वर्गांना लावला जातो आणि चूक वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.)

आता नियोजन. एनसीईआरटीनं २०१७ मध्ये काढलेले अध्ययन निष्पत्तींचे, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याचे तक्ते शाळेत लटकत असतील. ते खाली उतरव. प्रत्येक विषयाला एक कागद, पाच रकाने: निष्पत्ती, धडा, महिना, पुरावा, किती मुलांना जमलं. पुराव्याच्या रकान्यात वहीचं पान किंवा चाचणीतला प्रश्न क्रमांक हवा. 'चर्चा केली' हा पुरावा होत नाही. शेवटचा रकाना पेन्सिलीनं भरा, तो बदलत राहिला पाहिजे. हा कागद करताना हमखास सापडतं ते असं: काही निष्पत्तींना धडाच जोडलेला नाही, कारण तो धडा दरवर्षी 'सोपा आहे, घरी वाचा' म्हणून सोडला जातो. आणि महिन्यांचा रकाना भरताना सोयाबीन विसरू नकोस. सप्टेंबरच्या शेवटापासून कापणी चालू झाली की तुमच्याकडची मोठी मुलं शेतात असतात. अपूर्णांक, बीजगणिताची सुरुवात असं साखळीचं काम त्या तीन आठवड्यांत ठेवलं तर निम्मा वर्ग पुढच्या सगळ्या धड्यांतून सुटतो. तिथे उजळणी, मोजमाप, नकाशे ठेव, ज्यात दोन दिवस बुडाले तरी मूल परत शिरू शकेल. असं का केलं ते कागदाखाली एका ओळीत लिही. हे लिहिलेलं नसलं तर बघणाऱ्याला वाटतं अभ्यासक्रम मागे पडलाय.

वह्या शिक्षकांना निवडू देऊ नकोस. हजेरीपटावरचा दर पाचवा क्रमांक घे आणि त्या मुलांच्या वह्या स्वतः बघ. चुकीच्या गणितावरही बरोबरची खूण असणं हा सगळ्यांत मोठा दोष, आणि अनुभवी माणूस वही उघडल्यावर आधी तेच शोधतो. दुसरा, सगळ्या वह्यांत शब्दशः एकच उत्तर, म्हणजे फळ्यावरून उतरवलेलं. जुन्या वह्या रात्री बसून लाल शाईनं रंगवायला मात्र कुणाला लावू नकोस. एकाच शाईतल्या पंधरा तारखा लगेच ओळखू येतात. आजपासून आठवड्याला एक लेखन नीट तपासायचं, मुलानं चूक दुरुस्त केली की तिथेच पुन्हा सही करायची. सहा आठवड्यांत अशी सहा पानं होतात. पुरेशी आहेत.

शाला सिद्धीचं, म्हणजे शाळांच्या राष्ट्रीय मूल्यांकन कार्यक्रमातलं स्वमूल्यांकन तू स्वतः भर, संगणकवाल्या मुलावर सोडू नकोस. सात आयाम, ४६ मानक, प्रत्येकाला स्तर एक ते तीन. संसाधनांच्या पहिल्या आयामात उपलब्धता आणि उपयोगिता असे दोन वेगळे स्तर द्यायचे असतात आणि घसरण तिथेच होते. कुलपातल्या कपाटात दोनशे पुस्तकं असतील तर उपलब्धतेला चांगला स्तर मिळेल, पण देवघेवीची नोंद नसेल तर उपयोगितेला स्तर एक. सगळीकडे तीन लिहिलेल्या शाळेवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि खरोखर चांगलं चाललेलंही मग संशयात सापडतं. ४६ फायलीही नकोत; एका बॉक्स फाइलमध्ये सात विभाग बस झाले.

हजेरीपट, मध्यान्ह भोजनाची नोंद आणि यू-डायसमधली (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीतली) पटसंख्या जुळते का ते जनशिक्षक, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे शिक्षक, येण्याआधी बघून ठेव. मोठे घोटाळे नसतात, एखादं मूल शाळा सोडून गेलेलं एका ठिकाणी कमी केलेलं आणि दुसऱ्या ठिकाणी राहिलेलं असतं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. यादी बरोबर असेलच, पण त्या बायकांना आपण समितीत आहोत हे ठाऊक आहे का ते विचार. चाचणीचा निकाल त्यांच्यासमोर ठेवून एक बैठक घे, शनिवारी संध्याकाळी, मजुरीच्या वेळेत नको.

मूल्यांकनाच्या दिवशी हारतुरे नकोत, वेळापत्रक रोजचंच चालू दे. मुलांकडून उत्तरं घोकून घेऊ नका. पाहुणा पुढचं पान उघडतो आणि सगळं उघडं पडतं. अतिथी शिक्षक रजेवर असतील तर त्यांच्या तासिका कोण घेणार ते आधी लिहून ठेव. शेवटी तोंडी सूचना देऊन मूल्यांकनकर्ते निघू लागले तर लेखी तीन मुद्दे मागून घे, आणि त्याच आठवड्यात प्रत्येक मुद्द्यासमोर एका शिक्षकाचं नाव आणि तारीख टाक.

पाच रकान्यांचा कोरा तक्ता सोबत ठेवला आहे. सातवीच्या गणिताचा भरून मला पाठव, बाकीचे त्यावरून करता येतील.

तुझी,
आई