सिंक्लेअर यांचे दुसरे काम

कॅनडाचे दिवंगत आदिवासी न्यायाधीश व सिनेटर मरी सिंक्लेअर यांच्यावरील रविवारचा लेख वाचला. आदिवासी मुलांना घरच्यांपासून तोडून ठेवणाऱ्या तिथल्या निवासी शाळांच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांचे मोल मोठेच; २०१५च्या त्या अहवालातील ९४ शिफारशींची आजही चर्चा होते. पण लेख तिथेच थांबला. विनिपेगमध्ये १९९४ साली हृदयशस्त्रक्रियेच्या उपक्रमात दगावलेल्या १२ बालकांची न्यायालयीन चौकशी सिंक्लेअर यांनीच केली होती. परिचारिका धोक्याची सूचना देत होत्या आणि त्यांना कुणी गांभीर्याने घेतले नाही, हे त्यांनी अहवालात स्पष्ट नोंदवले. ते प्रकरण काही आदिवासींपुरते नव्हते. आदिवासी न्यायाधीशाला फक्त आदिवासींच्या प्रश्नांपुरते मोजायचे (आपल्याकडेही हे सर्रास चालते), हा त्याच्या कायद्याच्या जाणकारीवर अन्याय आहे.

– एक वाचक, नाशिक