दोनशे चौरस फुटांची अर्धवट सवलत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात एक वाक्य होते: ‘घरामागे दोनशे चौरस फुटांपर्यंतचा लाकडी डेक बांधायला परवाना लागत नाही.’ वाक्य अर्धे खरे आहे. ओकलंड किंवा बर्कलीच्या टेकड्यांवर घर घेणाऱ्याला हे अर्धसत्यच महागात पडते, म्हणून हे पत्र.

डेक म्हणजे आपल्या पडवीचा चुलत भाऊ. पडवी मात्र जोत्यावर बसते, डेक खांबांवर उभा राहतो. एक बाजू घराला टेकलेली, दुसरी हवेत. सगळी भानगड इथूनच सुरू होते.

राज्याच्या निवासी संहितेतली, म्हणजे घरबांधणीच्या नियमांतली, सवलत चार अटींवर आहे आणि चारही एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. क्षेत्रफळ २०० चौरस फुटांच्या आत, कुठल्याही बिंदूपाशी जमिनीपासून उंची ३० इंचांहून जास्त नाही, डेक घराला जोडलेला नाही आणि घराच्या मुख्य निर्गम दारासमोर तो येत नाही. उताराच्या जागेवर दुसरी अट पहिल्याच मापात कोसळते. उतार चार फुटांना एक फूट धरा. स्वयंपाकघराच्या दाराशी डेक जमिनीपासून एक फूट उंच असेल, तर बारा फूट पुढे गेल्यावर तोच चार फूट उंच होतो, म्हणजे ४८ इंच. क्षेत्रफळ दीडशे असले तरी परवाना लागणार. आणि परवान्यातून सुटका म्हणजे संहितेतून सुटका नव्हे. बांधकामाचे नियम तेच राहतात, फक्त तपासायला कोणी येत नाही. काही नगरपालिका राज्यापेक्षा कडक असतात, तेव्हा खिडकीवर एकदा विचारलेले बरे.

आधी नियोजन खाते, मग इमारत खाते, हा क्रम चुकला की नकाशे दोनदा काढावे लागतात. हद्दीपासूनचे अंतर, संरक्षित ओक वृक्ष, ओढ्यापासूनची मोकळी जागा हे नियोजनवाले बघतात. सोसायटीची, म्हणजे तिथल्या एचओएची, मंजुरी वेगळी. ती शहराच्या परवान्याच्या जागी चालत नाही.

आता भूकंप. या टेकड्यांच्या पायथ्यातून हेवर्ड प्रस्तरभंग जातो. त्याच्यावरचा शेवटचा मोठा धक्का १८६८चा. डेकची घराकडची बाजू लेजर बोर्ड नावाच्या आडव्या फळीवर तोललेली असते. ही फळी किमान दोन बाय आठ इंची हवी आणि अर्ध्या इंची लॅग स्क्रू (जाड, लांब स्क्रू) किंवा बोल्टांनी घराच्या कडेच्या वाशात बसवायची. नुसते खिळे चालत नाहीत. विटांच्या शोभेच्या आवरणावर फळी ठोकणे तर नाहीच. डेकचे वासे १२ फुटी असतील तर लॅग स्क्रू साधारण दर १५ इंचांवर येतात, बोल्ट दर २९ इंचांवर. पण हे सगळे फक्त खालच्या दिशेचे वजन पेलते. धक्का बसला की डेक भिंतीपासून बाहेर ओढला जातो आणि कडेचा वासा लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभा चिरतो. म्हणून ताण घेणारे वेगळे लोखंडी ठोकळे लागतात: १,५०० पौंड क्षमतेचे दोन, दोन्ही टोकांपासून २४ इंचांच्या आत, किंवा ७५० पौंडांचे चार. दोनवाला प्रकार घरातल्या जमिनीच्या वाशापर्यंत न्यावा लागतो, म्हणजे खालच्या खोलीचे छत फोडणे आले. चारवाला बाहेरून लांब स्क्रूने बसतो. जुन्या घरात लोक चारवाला का निवडतात ते यावरून कळेल.

दुसरा मार्ग म्हणजे डेक घराला न जोडता स्वतःच्या पायांवर उभा करणे. जुन्या, स्टुकोच्या (सिमेंटच्या गिलाव्याच्या) भिंती असलेल्या घरासाठी आम्ही हाच मार्ग सुचवू. भिंतीला भोके नाहीत, त्यामुळे पाणी आत शिरायची वाट नाही. पण मग घराचा आधार गेला, तेव्हा खांबांना लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी तिरपे टेकू द्यावे लागतात. एकाच दिशेने टेकू दाखवलेला नकाशा परत येतो, आणि तो परत आलाच पाहिजे.

वजनाचा अंदाज तर सर्रास चुकतो. संहितेत डेकवर प्रत्येक चौरस फुटाला ४० पौंड धरले आहेत. गणपतीच्या आरतीला दोनशे चौरस फुटांवर पन्नास माणसे उभी राहिली आणि माणशी दीडशे पौंड धरले, तर हिशेब साडेसदतीसवर जातो. म्हणजे ४० हा आकडा मुळीच ऐसपैस नाही; त्यातही फोटोसाठी सगळे कठड्याकडे सरकतात. गरम पाण्याचा टब ठेवायचा असेल तर ४०० गॅलन पाणीच ३,३०० पौंडांच्या वर. सात बाय सात फुटांच्या जागेत ते प्रत्येक चौरस फुटाला ६८ पौंड होते. त्यावर टब आणि माणसे. टब ‘नंतर बघू’ म्हणून नकाशात दाखवला नाही, तर पुढे खाली खांब आणि पाया वाढवावा लागतो. कठडा कॅलिफोर्नियात ४२ इंच उंच हवा, इतर बऱ्याच राज्यांत ३६ चालतो. गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये.

पाया न हललेल्या मातीत किमान १२ इंच खोल. उतारावर मात्र अभियंता बहुधा पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे खांब, सुचवतो, कारण वरचा थर भरावाचा असतो आणि पावसाळ्यात तो घसरतो. त्यासाठी मातीचा अहवाल लागतो. खोदण्याआधी निदान दोन कामाचे दिवस ८११ला फोन करायचा. गॅस आणि विजेच्या वाहिन्या ते फुकट खुणा करून देतात.

आगीचे नियम लोकांना सर्वात कमी ठाऊक असतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवरच्या वणव्यात २५ माणसे गेली. घर पेटते ते बरेचदा समोरच्या ज्वाळेने नव्हे, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. निखारा डेकच्या फळ्यांच्या फटीत किंवा डेक आणि भिंतीच्या कोपऱ्यात साचलेल्या पाचोळ्यात पडतो, डेक धुमसतो, उष्णतेने काचेचे सरकते दार तडकते आणि आग दिवाणखान्यात येते. म्हणून राज्याने आखलेल्या आगीच्या धोक्याच्या पट्ट्यांत घरापासून दहा फुटांच्या आतल्या डेकच्या पृष्ठभागाला खास चाचणी उत्तीर्ण साहित्य लागते. सुटा डेकही यातून सुटत नाही, तोही बहुधा भिंतीपासून दहा फुटांच्या आतच असतो. पट्ट्यांचे नवे नकाशे २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आले आहेत. घर घेताना तपासले असेल तरी आता पुन्हा पाहा. १ जानेवारी २०२६पासून या तरतुदी इमारत संहितेच्या ७ए प्रकरणातून निघून वणव्याच्या स्वतंत्र संहितेत गेल्या आहेत.

कंपोझिट (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या) फळ्या घेणारे इथेच फसतात. माहितीपत्रकावरचा ‘क्लास बी’ किंवा ‘क्लास सी’ हा ज्वाळा पृष्ठभागावर किती पसरते याचा निकाल. डेकच्या चाचणीत खालून बर्नर लावून किती उष्णता बाहेर पडते ते मोजतात. एकाच ब्रँडची एक मालिका पास आणि दुसरी नापास असू शकते. राज्याच्या अग्निशमन प्रमुखाच्या साहित्ययादीतला क्रमांक मागा आणि तो नकाशावर लिहा. डेक भिंतीला मिळतो तिथे उभी सहा इंची पत्र्याची पट्टी हवी. डेकखाली सरपण, खोकी, जुनी सतरंजी ठेवणे बंद. विमा सवलतीच्या ‘सेफर फ्रॉम वाइल्डफायर्स’ यादीतही डेकखालची सफाई आहे.

तपासणी तीनदा: पायाचे खड्डे काँक्रीट ओतण्याआधी, सांगाडा फळ्या ठोकण्याआधी, आणि शेवटी. सांगाड्याच्या वेळी हमखास सापडणारी चूक खिळ्यांची. वासे धरणाऱ्या लोखंडी खोबणीत साधे डेक स्क्रू मारलेले असतात, किंवा तिरपा लांब खिळा हवा तिथे दीड इंची. दाबप्रक्रिया केलेल्या लाकडातले तांबे साधा जस्तलेप खाते, म्हणून गरम बुडवून जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे सामान घ्या. दोन्ही एकत्र मिसळू नका. फळ्या आधीच ठोकल्या असतील तर इन्स्पेक्टर त्या काढायला लावतो. परवान्याविना बांधून नंतर नियमित करायला गेले तरी तेच, शिवाय जादा शुल्क. आणि घर विकताना परवान्याविना केलेले बदल विक्रेत्याला लेखी जाहीर करावे लागतात. बाल्कनी काचेने बंद करून खोली करण्याची आपल्या शहरांतली सवय तिथे विक्रीच्या कागदावर उघडी पडते.

कंत्राटदाराला आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जे कमी तेवढीच देता येते. ‘परवाना तुम्हीच तुमच्या नावाने काढा’ असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराचा व्यवसाय परवान्याचा क्रमांक राज्याच्या कंत्राटदार मंडळाच्या संकेतस्थळावर आधी तपासा.

जून २०१५ मध्ये बर्कलीत लाकूड आतून कुजलेली बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले. त्यानंतरचे तपासणीचे कायदे बहुघरांच्या इमारतींसाठी आहेत. स्वतंत्र घराचा डेक शेवटच्या तपासणीनंतर कोणी बघत नाही. लेजर बोर्डाखाली दरवर्षी पेचकस टोचून पाहावा. आत सहज गेला तर लाकूड कुजले आहे. भिंत झाकण्याआधी पत्रा आणि बोल्टांचे फोटो काढून परवान्याच्या कागदांबरोबर ठेवावेत.

लेखातले ते वाक्य कृपया असे दुरुस्त करावे: ‘जमिनीपासून कुठेही ३० इंचांहून उंच नसलेल्या, घराला न जोडलेल्या आणि मुख्य निर्गम दारासमोर न येणाऱ्या २०० चौरस फुटांपर्यंतच्या डेकला राज्य संहितेनुसार परवाना लागत नाही, स्थानिक नियम पाहावेत.’

आपले,
दोन वाचक, ओकलंड, कॅलिफोर्निया