फोटोतल्या तेवीस जणांना तिसऱ्या दिवशी कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपण पान तीनवर एक फोटो छापला. सप्ताहाच्या काल्याला गावातल्या तेवीस जणांनी तुळशीची माळ घालून दारू सोडली, अशी बातमी होती. कपाळाला बुक्का, हात जोडलेले, मागे महाराज आणि सरपंच. बातमी चांगलीच आहे. पण ती वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. २०१९ च्या फाल्गुनात आमच्या गावच्या अशाच एका फोटोत डावीकडून चौथा मी होतो.

मी मोंढ्यात मापाडी आहे. चौदा वर्षे पीत होतो. शेवटच्या काळात पहाटे अर्धी चपटी पोटात गेल्याशिवाय हात काट्यावर ठरत नसे. काटा स्थिर आणि मापाडी हलतोय, हे बघून शेतकरी हसायचे. एकाने तर तोंडावर विचारले होते, "दादा, सोयाबीन मोजायलास का थरथर मोजायलास?"

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास शेवटची घेतली आणि बाटली उकिरड्यावर फेकली. रविवारी काला. दुपारी प्रसादाचा द्रोण हातात धरवेना, दही-लाह्या सांडू लागल्या. लोक म्हणाले, भक्ती दाटून आली. घामाने सदरा भिजला, तेही ऊन म्हणून खपले. सोमवारी पहाटे मला फिट आली. कांदा फोडून नाकाला लावला, मुठीत लोखंडी किल्ली दिली. माय म्हणाली, "कुणीतरी करणी केली माझ्या लेकरावर." मग शेजारच्या गावचा देवऋषी आला, लिंबू झाले, अंगारा झाला. मंगळवारी रात्री मला भिंतीवरून मुंग्यांची रांग पांघरुणात उतरताना दिसली. मी रात्रभर त्या झटकत होतो आणि दोन वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाला हाका मारत होतो, असे घरचे सांगतात. मला त्यातल्या फक्त मुंग्या आठवतात.

बुधवारी थोरल्या भावाने जीप करून परभणीला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली?" तीन दिवसांत हे कुणी विचारले नव्हते. भाऊ घाईने म्हणाला, "सोडलीय आता साहेब, माळ घातलीय." डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच विचारतोय."

त्यांनी नंतर जे समजावले ते मला माझ्या भाषेत कळले ते असे. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षे उलट्या बाजूने ओढ लावून जागा राहतो. जसा मोटेचा बैल ओझ्याविरुद्ध ओढत असतो. नाडा एकदम तुटला की बैल तोंडावर आपटतो. दारू थांबल्यावर सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नाही ते दिसते, ताप चढतो, नाडी धावते. या भ्रमात उपचाराविना माणूस दगावू शकतो. आमच्याकडे त्याला बाहेरची बाधा म्हणतात.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. क्लोरडायझेपॉक्साइडसारख्या गोळ्या ठरलेल्या मात्रेत देऊन रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात. यकृत बिघडलेले असेल तर गोळी बदलतात. या गोळ्यांचीही सवय लागते आणि त्यांवर दारू प्यायली तर श्वास अडकू शकतो, म्हणून त्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणायच्या नाहीत. सोबत बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आपल्या खेड्यांत अशक्त दिसला की ग्लुकोजची बाटली लावायची रीत आहे. पिणाऱ्याच्या अंगात बी-१ आधीच संपत आलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते, चालताना तोल जातो, आठवण जाते, ती नेहमीसाठीही जाऊ शकते. मलाही सोमवारी एक बाटली लावली होती. नशीब माझे.

सगळ्यांनाच दाखल व्हावे लागते असे नाही. पण ज्याला सकाळी उठल्याबरोबर लागते, ज्याला पूर्वी फिट आली आहे, ज्याचे वय झाले आहे किंवा कावीळ होऊन गेली आहे, त्याने डॉक्टरला दाखवल्याशिवाय एकदम बंद करू नये. हे वाक्य छापायला आपण कचराल हे मला कळते. तरी छापा.

माळेला मी दोष देत नाही. ती अजून माझ्या गळ्यात आहे. मधे काही महिने नव्हती, तेही सांगतो. त्याच वर्षी पोळ्याला बैल धुऊन आणले, झुली घातल्या आणि संध्याकाळी मित्रांत बसलो. माळ काढून खुंटीला टांगली आणि प्यायलो. त्यानंतर तीन आठवडे डॉक्टरांकडे गेलो नाही. शपथ मोडलेला माणूस दवाखान्यात कोणत्या तोंडाने जाणार? गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बीपीची गोळी बंद केली की बीपी वाढते. गोळी का बंद केली होती?" मी माझी दारूवरची गोळी खरेच बंद केली होती. त्या दिवसापासून आजवर घोट घेतलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारूमुळे जडलेल्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. गावात मात्र असा माणूस अजून बेवडाच.

ती गोळी डायसल्फिरामची होती. ती चालू असताना दारू प्यायली तर तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, जिवावरही बेतू शकते. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून आधी यकृत-हृदय तपासून, रुग्णाला सगळे सांगून, त्याच्या मर्जीने देतात. माझी बायको रोज सकाळी चहाआधी ती माझ्या हातावर ठेवायची आणि मी तिच्यासमोर गिळायचो. सगळ्यांना हीच गोळी चालते असे नाही, ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधेही आहेत. कोणते कुणाला, ते डॉक्टरांनी ठरवावे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ते.

२०१८ मध्ये माझ्या बायकोने आपल्याच दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत वाचले: 'न सांगता दारू सोडवा, चहा-भाजीतून द्या, शंभर टक्के हमी.' तिने कानातले गहाण ठेवून पावडर मागवली आणि वरणात कालवली. त्या रात्री पिऊन आल्यावर मी अंगणात कोसळलो. पावडरीत काय होते हे आजही कुणाला ठाऊक नाही, डब्यावर लिहिलेलेच नव्हते. तिचा दोष नाही, तिला दुसरा रस्ता कुणी दाखवला नव्हता. पण त्यानंतर वर्षभर मी घरचे जेवण संशयाने जेवलो. काल्याचा फोटो ज्या अंकात आला, त्याच अंकाच्या पान सातवर ती जाहिरात आहे. मजकूर तोच, फोन नंबर तेवढा बदललेला.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसली तरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार मिळणारा १८० मागे एक. आपल्या फोटोतल्या तेवीस जणांच्या वाट्याला एक अख्खा माणूसही येत नाही.

सप्ताह समित्यांना माझी विनंती आहे की माळ घालण्याच्या आठवडाभर आधी नावे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावीत. कोण किती पितो हे आशाताईंना गावात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत असते. माळ घातल्यावर पुढचे चार दिवस त्यांना त्या घरांवरून फेरी मारायला सांगावे आणि त्याचा मोबदलाही द्यावा, फुकटची कामे त्यांच्या गळ्यात आधीच खूप आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागून दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली, तेव्हा आमच्या गल्लीत दोघांना घाम फुटलेला मी ओळखला आणि १०८ ला फोन लावला. मी मापाडी असून ओळखले. शिकवले तर कुणीही ओळखेल.

पुढचे काम माणसांच्या संगतीने होते. मी दर रविवारी शहरात अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेला जातो. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलेली ही रीत आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. पहिल्या दिवशी मी पाऊण तास गप्प बसलो आणि चहा पिऊन परत आलो. शेजारच्याचा कपही बशीत वाजत होता.

तर संपादक महोदय, पान सातवरची ती चौकट रिकामी करावी आणि तिथे एवढेच छापावे: 'दारू सोडायची आहे? एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली मानस १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीत. व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. फिट आली किंवा भ्रम झाला तर १०८.' मी मोजून पाहिले, त्या चौकटीत हे बसते. आपले जाहिरातीचे पैसे बुडतील, याची मला कल्पना आहे.

माझे नाव छापू नये. मला त्याची लाज नाही, पण मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत.

आपला,
एक मापाडी
ता. सेलू, जि. परभणी