काकांच्या पुण्यतिथीसाठी चार हात आणि चार पैसे

समस्त वसईकरांना सप्रेम नमस्कार.

पेशव्यांच्या घरातला काका म्हटला की ओठावर येते ते ‘काका, मला वाचवा’. १७७३ सालचा तो शनिवारवाडा शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. त्याच घरात एक पिढी आधी दुसराही एक काका होऊन गेला, पुतण्यामागे भिंतीसारखा उभा राहिलेला. तो आपल्या किल्ल्यात पुतळा होऊन उभा आहे आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या लोळताहेत.

या काकांना, चिमाजी अप्पांना, आपण पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या मे १७३९ पुरतेच ओळखतो. सेंट सेबस्टियन बुरुजाखालचे सुरुंग, हजारोंनी पडलेली माणसे, शेवटी बायकामुले आणि शस्त्रांसह मानाने बाहेर पडू दिलेले पोर्तुगीज. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला गेलेल्या घंटाही दरवर्षी भाषणात वाजतात. घरातले अप्पा मात्र कुणी सांगत नाही.

बाजीरावांचा हा धाकटा भाऊ. प्रकृती तोळामासा, तरी १७२८ मध्ये माळव्यात आमझेऱ्याची लढाई त्यांनी मारली. पत्नी रखमाबाई १७३० मध्ये तान्ह्या सदाशिवला मागे ठेवून गेल्या. मस्तानीवरून भावाभावांत ताण आला, तोही आम्ही झाकणार नाही; अप्पांनी तेव्हा घरच्यांची बाजू धरली, ती आज आम्हालाही पटत नाही. पण २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि पेशवाईवर इतरांचे डोळे लागले, तेव्हा बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना, पेशवाईची वस्त्रे मिळेपर्यंत पाठीशी उभे राहिले ते हेच काका. भावामागे आठ महिनेसुद्धा त्यांना लाभले नाहीत. १७ डिसेंबर १७४० ला ते गेले. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. दहा वर्षांचा सदाशिव चुलतभावाच्या सावलीत वाढला. पुढे पानिपतावर गेलेले भाऊ ते हेच. अप्पांची समाधी पुण्याला ओंकारेश्वराच्या आवारात आहे.

या १७ डिसेंबरच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला आपण किल्ल्यात जमणार आहोत. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. त्यामुळे दगडाला हात लावायचा नाही, भिंतीतली रोपटी उपटायची नाहीत. परवानगी असेल तेवढेच काम, म्हणजे प्लास्टिक, काचा आणि वाटेवरचा कचरा. नागेश्वराच्या देवळाभोवती झाडू फिरेल तसाच गोन्सालो गार्सियांच्या चर्चभोवतीही फिरेल. ते संतही इथलेच, वसईत जन्मलेले. किल्लाबंदरची कोळी मंडळी, वाडवळ, कुपारी, सगळ्यांनी या. लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या जोडप्यांनीही यावे, फुगे आणि थर्माकोलची अक्षरे बहुतेक त्यांचीच असतात.

हातमोजे, गोण्या, कचरा नेणारा टेम्पो, चहा-पोहे, आणि शाळांत वाटायची अप्पांवरची एक छोटी पुस्तिका, एवढा खर्च आहे. पुस्तिकेवर निम्मा पैसा जाईल. रकमेचा आग्रह नाही. शंभर रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि हिशेब मंडळाच्या फळ्यावर लागेल. टेम्पो कुणी दिवसभरासाठी बिनभाड्याने दिला, तर तेवढ्या पैशांत आणखी प्रती छापू.

एक विनंती मनापासूनची. वर्गणी स्वतःच्या काकाच्या किंवा भावाच्या स्मरणार्थ द्यायची असेल तर त्यांचे नाव आणि एक ओळ लिहून द्या. बाप गेल्यावर फी भरलेला काका, धाकट्यांसाठी शाळा सोडून गिरणीत गेलेला भाऊ असे घरोघरी आहेत. त्या ओळी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर छापू. मोठी माणसे नकोत, आपलीच हवीत.

वर्गणी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ स्वीकारली जाईल. येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणा. आणि बाटली परत घरी न्या.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते, वसई